मागची सीट

कारखान्यात माझ्या टेबलावरून
रोज चारशे स्प्रिंगा जातात.
दाबायच्या, सोडायच्या, आकडा लिहायचा,
नापास असेल तर लाल खडूची रेघ.
बावीस वर्षं झाली. स्प्रिंग म्हणजे काय
हे मला कुणी शिकवू नये.

म्हणून छोटी ग्वालटोलीत, रईस मिस्त्रीच्या फळीपुढे
मी माझी निवड सांगितली ती जरा ऐटीतच:
गाडी तीस मिलिमीटर खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंगा,
पिवळ्याजर्द, चाकाआडून दिसतील अशा,
आणि कमीजास्त करता येणारे शॉकर,
बत्तीस टप्प्यांचे.
वळणावर झुकता कामा नये, म्हणालो,
रस्त्याला चिकटून राहिली पाहिजे.
(वय एक्कावन्न. गाडी नऊ वर्षांची,
टपावर आंब्याच्या चिकाचे डाग.)

रईस हसला नाही.
बोटं पुसत एवढंच म्हणाला,
"भिया, पीछे बैठता कौन है?"

कोण म्हणजे, आम्ही पेट्रोल वाटून घेतो.
पुढे पराडकर, त्याचे पाय लांब.
मागे अकाउंट्सचा दुभाषे
आणि स्टोअर्सच्या कुंटे बाई.
बाई दिवाळीपासून बसने येतात.
वेळ सोयीची पडते म्हणाल्या.

"चाबी दो. आप पीछे."

नऊ वर्षांत पहिल्यांदा
मी माझ्याच गाडीत मागे बसलो.
डावीकडे, बाईंच्या जागी.

जो खड्डा पुढे नुसता आवाज असतो
तो इथे पाठीतून वर चढला,
एकेका मणक्याची ओळख करून घेत.
माळव्याची काळी माती पावसात फुगते, उन्हात आकसते,
वरचं डांबर लाटालाटांनी पडलेलं.
त्या लाटा स्टिअरिंगवर कळत नाहीत.
मागे त्या संपत नाहीत.
एकीवरून उतरेपर्यंत दुसरी.
जुने शॉकर त्यांना थांबवत नव्हते,
नुसते मोजत होते. माझ्यासारखे.

हात आपोआप वर गेला, दारावरच्या कड्याला.
बाकीची कडी अजून खरखरीत, नव्यासारखी.
हे एकच गुळगुळीत,
चार बोटांची जागा झिजलेली.
बोटं माझी नव्हती.

परतल्यावर रईसने चहा मागवला.
"स्प्रिंग तो झूलेगी, उसका काम है.
बस कब करना, वो शॉकर बताएगा."
हे मला माहीत होतं. आलेखासकट माहीत होतं.

मग ठरलं ते असं:
उंची मूळचीच, ताकद मूळचीच, स्प्रिंगा नव्या.
शॉकर गॅसचे, चांगले, बिनटप्प्यांचे.
बुशं सगळी बदलायची. माउंटही.
जुनं रबर काढलं तर हातात भुगा आला.
रंग काळा.
पैसे पिवळ्याइतकेच झाले, थोडे जास्तच.

रविवारी गाडी धुऊन दारात लावली.
शेजारचा मुलगा दोनदा वाकून बघून गेला.
"काका, बदललं काय?"

बाईंना सांगायचं कसं, हा वेगळाच प्रश्न.
तुमच्या जागी बसून आलो, हे काही बोलता येत नाही.
मंगळवारी स्टोअर्समध्ये गेलो,
नको असलेला ग्रीसचा डबा मागितला
आणि म्हणालो, उद्या बसचा संप आहे म्हणे.
संप नव्हता.
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
पावतीवर माझी सही घेतली.

बुधवारी राजेंद्रनगरच्या चौकात त्या उभ्या होत्या.
मागून बस येत होती, अर्धी रिकामी.
त्यांनी तिच्याकडे नीट बघितलं
आणि माझ्या गाडीचं दार उघडलं.

हात कड्याला गेला, आरशात दिसलं.
राऊपर्यंत तिथेच होता.
पुढे केव्हा खाली आला, मला कळलं नाही,
समोर एक ट्रक होता.

पीथमपूरला, कारखान्याच्या फाटकाशी
दुभाषे अगदी हळू म्हणाला,
"गेट आलं. उठवू का यांना?"

थांब, म्हणालो.
आणि शेडच्या मागून
एक चक्कर जास्तीची मारली.