दुसरा फोन

स्टीअरिंगच्या खाली, गुडघ्याजवळ,
सोळा भोकांचं एक तोंड असतं.
खाऱ्या वाऱ्याने त्याला हिरवा गंज धरलेला.
ब्रशने घासलं, फुंकर मारली, पिन खुपसली.
गाडी बोलायला लागली.

हेमांगी चोगले बाजूला उभी. पदर खोचलेला,
कोपरापर्यंत खवलं.
पाजपंढरीहून हर्णै बंदर, तिथून दापोली, खेड,
मासळी उरलीच तर थेट चिपळूण.
गाडी तीन महिन्यांपूर्वी घेतलेली, सेकंडहँड.
"पिवळा दिवा पेटलाय. तेवढा विझव," म्हणाली.

दिव्याचं कारण साधं, सेन्सरवर काजळी.
पण एकदा विचारलं की ही जात थांबत नाही.
कशेडीच्या उतारावर ब्रेक किती जोरात,
कितव्या सेकंदाला पाय उचलला,
कुठलं दार किती वाजता उघडलं,
शेजारच्या सीटवर वजन किती.

जुन्या मालकाचंही सगळं तसंच आत.
दर शनिवारी पहाटे आंजर्ले,
सुरूच्या बनाजवळ चाळीस मिनिटं इंजिन चालू.
शेजारी सहा किलो. पट्टा लावलेला.
मी म्हटलं, पोर असेल.
"पोराला पुढं कोण बसवतं, मुराद? कुत्रं असणार."
गाडीला विचारलं असतं तर
तिने पुन्हा सहाच सांगितलं असतं.

छपराखाली कुठेतरी नखाएवढं सिम आहे.
ते रिचार्ज मागत नाही.
टॉवर दिसला की कंपनीला कळवतं:
इथे आहे, एवढी धावले, इतकी तापले.
खाडीच्या वळणावर रेंज गेली तर साठवतं,
पुलावर आलं की एकदम ओकतं.
म्हणजे तीन महिने हेमांगीचे सौंदाळे, तिची सुरमई,
रागाने आपटलेलं मागचं दार,
सगळं कुणा वि. ग. आठल्यांच्या नावावर जमा.

ती हसली. "मेलेल्या मानसाच्या खात्यात माजा धंदा!"
मालक वारल्याचं तिला डीलरने सांगितलं होतं.
भाव ठरवताना नाही. नंतर, चहा पिताना.

मग स्क्रीनवर आलं: जोडलेले फोन, दोन.
एक जानेवारीपासून बंद.
दुसऱ्याला फक्त पाहायची परवानगी,
गाडी कुठे आहे तेवढंच, निळा ठिपका.
शेवटचं पाहिलं: आज, पहाटे पाच पन्नास.

पाच पन्नासला गाडी जेटीवर होती,
हेमांगी बर्फ फोडत होती.

काल पाच अठ्ठेचाळीस. परवा पाच एक्कावन्न.
शनिवारी बराच वेळ.

माझं बोट 'सगळं पुसा'वर अधांतरी.
"त्यांचे नंबर पुस, त्यांच्या घराचा पत्ता पुस.
त्या दुसऱ्या फोनला माज्या मासळीचा भाव दिसतो काय?"
नाही.
"गिऱ्हाइकं?"
नाही. ठिपका फक्त.
"मंग ऱ्हाऊंदे."
आणि दार लावता लावता, "दिवाळीपरेंत."

दोनशे घेतले.
वहीत लिहिलं: चोगले, पिवळा दिवा, काम झालं.

पंधरा दिवसांनी हवा भरायला आली.
मडगार्डच्या आत सुरूची सुईसारखी पानं अडकलेली.
आंजर्ल्यात तिचं एकही गिऱ्हाईक नाही.
पानं काढली, झटकली.
चारही चाकांत बत्तीस.