अर्ध्या इंचाची लाइन

नोव्हेंबर लागला की माझ्या कंबरेला
चाव्यांचे अकरा जुडगे येतात.
लोटलीतली अकरा घरं. माणसं स्विंडनला, लिस्बनला.
घरात राहतं फक्त पाणी,
तेही उभं.

उभ्या पाण्याचं काही खरं नसतं.
बेसिनखालच्या वाकड्या नळीत ते सुकत जातं,
आणि सुकलं की गटार घरात येतं:
आधी वास, मग झुरळं.
म्हणून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी
मी प्रत्येक जाळीत एक तांब्या ओततो.
बायको म्हणते, देवाला घालत नाही एवढं पाणी
तुम्ही लोकांच्या मोऱ्यांना घालता.

आल्सिनाबायचं घर मी शेवटाला ठेवतो.
नाताळाला दीड महिना. कामं पाठ आहेत.
टाकीतला गाळ तांबडा, जांभ्यातल्या विहिरीचा,
ब्लीचिंग घालून दोनदा धुवायचा.
फ्लोटचा गोळा काढून कानाशी हलवायचा,
आत पाणी वाजलं तर नवा.
गिझर उघडला की मॅग्नेशियमची कांडी
चघळलेल्या दातवणासारखी बाहेर येते.
ती झिजते म्हणून टाकी टिकते.
(इथं काहीतरी बोलावंसं वाटतं.
मी नवी कांडी बसवतो.)

एसीच्या ड्रेन पाइपाच्या तोंडाशी
कुंभारणीने मातीचं घर बांधलेलं.
रिकामं होतं, टॉर्च मारून बघितलं.
तरी तार घालताना हात
जरा हळू गेला.

तेवढ्यात लँबर्टचा फोन.
आई गेल्यापासून तो कमी बोलतो.
गुरुदासबाब, घर दिलं. पार्टी दिल्लीची.
सगळ्या खोल्यांत एसी करणार, न्हाणी मोठी करणार.
त्यांना पाइपांचा नकाशा पाहिजे.
तुझ्याकडे असेल ना?

नकाशा!
ब्याण्णव साली माझ्या बापानं इथलं भाण उतरवलं
आणि जीआयची लाइन टाकली.
दोन हजार नऊ साली ती गंजली, मी कापली,
सीपीव्हीसी ओढली.
कुठल्या भिंतीत कुठला एल्बो,
कुठे बापाचा जुना पाइप तसाच आत मेलेला,
हे कुणी कागदावर विचारलंच नव्हतं.

जुन्या कॅलेंडरचं मे महिन्याचं पान उलटं केलं.
लाल पेन गरम, निळा थंड.
टाकी, न्हाणी, रांधण, मागची मोरी.
काढता काढता कळलं
की या घराला मी आतून ओळखतो,
आणि त्याच्या बाल्कांवात
एकदाही बसलेलो नाही.

मग निळा पेन फाटकाकडे वळला
आणि थांबला.

तिकडे अर्ध्या इंचाची एक लाइन जाते,
क्रोटनच्या कुंडीखालून, कंपाउंडच्या बाहेर.
बाहेर एक पितळी नळ.
पोदेर सायकल टेकवून तोंड धुतो,
शाळा सुटली की पोरं ओंजळी लावतात,
बांगडेवाली टोपलीवर शिंपडते.
आल्सिनाबायनं तो लावून घेतला तेव्हा मी म्हटलं होतं,
बाय, आतच देऊया, मागतील त्यांना मिळेल.
ती म्हणाली, आत असला तर मागावं लागतं रे.
बाहेर असला की पितात.

नवा माणूस वाईट असेल असं नाही.
पण कागदावर व्हॉल्व्ह दिसला
की पहिला प्रश्न असतो,
हा कशाला?

त्या कोपऱ्यात मी
गिझरच्या वॉरंटीची तारीख लिहिली,
मोठ्या अक्षरात.
जागा भरली.

फाटक ओढून निघालो तर पितळी नळ गळत होता.
गुडघ्यावर बसून वॉशर बदलला,
दोनदा उघडझाप करून बघितला.
रात्री बिल केलं: टाकी, कांडी, गॅस, फिल्टर, मजुरी.
वॉशर धरला नाही.

जो नळ नकाशातच नाही
त्याचा वॉशर बिलात कसा दाखवणार?