एक तीन पाच सात नऊ

आधी पंखा हातानं फिरवायचा.
नऊ पाती मोजायची, घाई करायची नाही.
रात्रभर तेल झिरपून खालच्या सिलिंडरांत साचतं,
आणि तसंच स्टार्टर दाबलं तर आतला दांडा वाकतो,
असं व्हर्लन टॅडलॉक सांगायचा.
सांगायचा म्हणजे ओरडायचा,
चाळीस वर्षं या इंजिनांपाशी उभं राहून
त्याला स्वतःचाही आवाज येईनासा झाला होता.

मी तेव्हा अकरा वर्षांची. आर्कान्सॉत, कॅश नदीच्या अलीकडे,
भाताच्या सपाट खाचरांत मातीची एक धावपट्टी,
पत्र्याची शेड, आणि शेडमध्ये ते:
पिवळं, दुपंखी, पोटाखाली ओघळ,
नाकाच्या जागी नऊ सिलिंडर गोल बसलेले
शेकोटीभोवती चुलत भाऊ बसावेत तसे.
"तेल गळतंय," मी म्हणाले.
"गळतंय तोवर आत आहे," व्हर्लन ओरडला.

मग स्टार्टर. पंखा अडखळतो.
एक ठसका. निळा धूर.
पुन्हा ठसका, मग काहीच नाही,
आणि एकदम सगळे बोलायला लागतात,
एक तीन पाच सात नऊ
दोन चार सहा आठ
एक सोडून एक, दोन फेऱ्यांत सगळ्यांची पाळी.
शेडचा पत्रा थरथरतो, माझे दात थरथरतात.
शाळेत बाईंनी विचारलं, नऊच्या आधी काय?
मी म्हणाले, सात.
वर्ग हसला. हसू दे.

माझी आई शेताच्या टोकाला उभी राहायची,
काठीला उशीचा जुना अभ्रा बांधून.
हर्शेल प्रूएट विजेच्या तारांखालून यायचा,
चाकं पिकाला लागतील न लागतील अशी,
थेट त्या अभ्र्यावर नेम धरून.
शेवटच्या क्षणी ती पाठ फिरवायची,
अठरा पावलं मोजायची,
पुन्हा उभी.
संध्याकाळी तिच्या केसांना जो वास यायचा
तो मला आवडायचा.
हे लिहिताना हात थांबतो,
पण आवडायचा, खोटं कशाला बोलू?
तिनं मात्र मान वर करून विमान कधी पाहिलं नाही.
"डोळ्यांत जातं," एवढंच म्हणायची.

एका जूनमध्ये इंजिन लंगडायला लागलं.
व्हर्लननं ते दोन मिनिटं चालवून बंद केलं,
कॉफीच्या रिकाम्या डब्यात पाणी आणलं
आणि बोटं बुडवून एकेका सिलिंडरवर शिंपडलं,
तवा तापला का बघतात तसं.
चर्र. चर्र. चर्र.
त्याला ऐकू येत नव्हतंच,
तो थेंब नाचतो का ते बघत होता.
सातव्यावर थेंब नुसता बसून राहिला,
मग गालावरून ओघळावा तसा खाली गेला.
"हा मुका," तो ओरडला,
आणि पान्हा माझ्या हातात दिला.

त्याला आता बरीच वर्षं झाली.
आता टर्बाइन आहेत. ती शिट्टी मारत येतात,
दुप्पट औषध, अर्धा वेळ, वाट उपग्रह दाखवतो,
टोकाला कुणी उभं राहावं लागत नाही.
चांगलं झालं. मनापासून म्हणते.
तरी ते पिवळं मी विकत घेतलं,
व्हर्लनच्या मुलाकडून, पंख्यासकट,
घरात कुणाला न विचारता.

गेल्या रविवारी सुरू केलं.
नऊ पाती हातानं, ठसका, धूर, सगळं तसंच.
मी कॉकपिटमध्ये वेड्यासारखी हसत होते.
आई पिकअपमध्ये बसली होती, काचा वर करून,
पाठ इकडे.
मी उतरून तिच्यापाशी गेले, काच खाली झाली.

"आठच आलेत," ती म्हणाली.
"काय?"
"एक मागे राहिलाय. तुला ऐकू येत नाही?"
अजूनही तिनं वळून पाहिलं नव्हतं.
मांडीवर तिची बोटं चालली होती,
एक तीन पाच,
कुठेतरी थांबत, पुन्हा पहिल्यापासून.

मी इंजिन बंद केलं
आणि डबा शोधायला शेडमध्ये गेले.