टेकू

चंदीगडहून गाडी भुसावळला आली तेव्हा
दुपारचे दोन, पारा सेहेचाळीसवर,
आणि माझ्या खांद्यावर दोन मीटरचा बांबू.
टीसीने विचारलं, झेंड्याची काठी का?
म्हटलं, मोजपट्टी.

सहा वर्षांपूर्वी वाफेच्या गिरमिटाने
हिमनदीत आठ मीटर भोक पाडून
तारेने जोडलेले चार तुकडे आत सोडले होते,
वर राखली फक्त एक वीत.
दर सप्टेंबरला धापा टाकत चढायचं,
बांबू किती उघडा पडला ते टेपने बघायचं,
वहीत मांडायचं, पेन्सिलने;
शाई तिथे गोठते.
एक मीटर दहा. एक चाळीस. नव्वद:
त्या वर्षी बर्फ उशिरापर्यंत पडला,
आम्ही घरच्या शेवेची राखलेली पुडी फोडली.
मग एक सत्तर. एक साठ.
सहाव्या वर्षी शेवटचा तुकडा आडवाच सापडला.
पडलेला बांबू नेमकं काही सांगत नाही,
एवढंच, की निदान इतकं.

खाली एका धोंड्यावर
माझ्या जन्माआधी कुणी लाल रंगात लिहून गेलंय:
बर्फ इथून अकरा पावलं.
मी मोजत निघाले.
चारशेनंतर आकडा विसरले, पुन्हा मागे आले.

अडावदला आप्पांनी बांबू उलटसुलट केला,
नखाने खुणा चाचपल्या.
"काय मोजस व माय तू तठे?"
"बर्फ किती गया ते."
"मंग गया कोठे?"
चिनाब म्हणाले.
त्यांनी मान हलवली,
लांबच्या नात्यातलं आजारपण कानावर आल्यावर हलवतात तशी.

संध्याकाळी सातपुड्याकडून वावधान सुटलं.
परसातली केळ घडाच्या वजनाने कलली होती.
आप्पांनी इकडेतिकडे पाहिलं,
कोपऱ्यातला बांबू उचलला, घडाखाली लावला.
त्याच्यावर क्रमांक आहे, के-सात,
तो प्रयोगशाळेत जमा करायचाय,
हे सगळं माझ्या तोंडाशी आलं.
पानं फाटत होती. मी दोरी धरली.

पहाटे बघते तर आप्पा
केळीच्या बुडाशी उकिडवे,
बोटं मातीला टेकवून.
"दोन बोटं खाली गया," म्हणाले.
"लिखी ले."