रस्ता सांग, बिड्डा

शमिका आली जूनमध्ये, एक ट्रंक, एक चटई
आणि तळाशी सोलांची बरणी, कुणाला न दाखवलेली.
सिव्हिलजवळ नर्सिंगला नंबर लागलेला.
खोली आमची साखर पेठेत, माडीवर, पत्र्याची;
दुपारी तिथं भाकरीसुद्धा आपोआप कडक होते.

दहा दिवस बरी होती.
मग एकदा पाणी आलं, चार दिवसांनी, पहाटे तीनला.
गल्ली घागरी घेऊन उठली
आणि ही नळाशी उभी राहून रडायला लागली.
"पाणी बघून कोण रडतं?" शेजारची बालमणी हसली.
ही म्हणाली, आमच्या मागच्या दारी खाडी आहे.
दिवसातून दोनदा येते.
तिची वाट बघावी लागत नाही.

मी काय काय केलं सांगते, सगळं चुकीचं.
शेंगाची चटणी वाढली, वर घट्ट दही,
"खाऊन बघ, घर विसरशील."
तिनं खाल्लं. विसरली नाही.
सिद्धेश्वराच्या तळ्यावर नेलं, "हे बघ, पाणी!"
बराच वेळ बघून म्हणाली, "हे हलत नाही."
शेवटी म्हणाले, "होईल सवय."
हेच मी सिरसिल्ल्याहून इथं नांदायला आले
तेव्हा सासू म्हणाली होती,
आणि मी चुलीपुढं ठरवलं होतं,
कुणाला कधी म्हणणार नाही.
निघालंच तोंडातून. सासू जाते, जिभेवर राहते.

आईला फोनवर सांगायची, "बरी आसंय गे आये, जेवलंय."
जेवलेली नसायची.
मी जिन्यात विड्या वळत ऐकायची.
एवढं खोटं बोलायला
माणसाला स्वतःचीच भाषा लागते, हे मला ठाऊक.

एका रात्री वीज गेली.
मागच्या गल्लीतले माग एकदम गप्प.
ती खाली आली, मेणबत्तीपाशी,
माझ्या सुपातली भिजली पानं चाचपत बसली.
काही सुचेना, म्हणून म्हटलं,
"तुझ्या घरी यायचं तर कसं यायचं? रस्ता सांग, बिड्डा."
(बिड्डा म्हणजे लेकरू. तेही तिला नंतर कळलं.)
"कणकवलीला उतरायचं."
"मग?"
मग एसटी, मग तिठा,
तिठ्यावर सायकलवाल्याचं बंद दुकान,
मग उतार, चपला हातात घ्यायच्या,
मग साकव. त्याची तिसरी फळी हलते,
तिच्यावर पाय द्यायचा नाही.
"नाही देणार," मी म्हणाले,
आणि बसल्याबसल्या खरंच पाय उचलला.
मग वाळत घातलेली जाळी, मग टिप्या,
भुंकतो पण चावत नाही,
मग पायरी.
पायरीशी तिचा आवाज गेला.
रडू नको, म्हटलं नाही मी.
कातरीनं पान कापत राहिले.
तिचं रडून होईस्तोवर पन्नास विड्या झाल्या.

मग रोज. कधी पावसातला रस्ता, कधी होडीचा,
कधी तिच्या भावाचा, शाळा चुकवायचा.
रडणं थांबलं असं नाही.
पण ताट घेऊन खाली यायची,
साकव ओलांडेपर्यंत एक भाकरी संपलेली असायची.

काल तिनंच विचारलं,
"राजव्वा, तुमच्या घरी कसं यायचं?"
चाळीस वर्षांत कुणी विचारलं नव्हतं.
मराठीत सांगायला लागले
तर चिंचेच्या झाडापर्यंतच पोचले.
पुढचा रस्ता मराठीत नव्हताच.
मग तेलुगूतच सुटले, भराभर,
कोष्ट्यांची आळी, रंगाच्या कढया,
निळे हात घेऊन दारात बसलेला माझा बाप.
तिला एक शब्द कळत नव्हता.
हातातलं पान तसंच धरून
ती मान हलवत राहिली,
आणि मी जिथं थांबले,
बरोबर तिथं म्हणाली, "मग?"

तीनला पाणी आलं तेव्हा
मी अजून विहिरीपर्यंतही पोचले नव्हते.