घडी मोडणे

मुरारच्या सदर बाजारात आमचं दुकान.
पाटीवर अजून वडिलांचंच नाव : वि. रा. खेडकर, युनिफॉर्मवाले.
मी मात्र बहुतेक नावंच शिवतो,
छातीवरच्या पट्ट्या, काळ्यावर पिवळा धागा,
आणि नावाखाली रक्तगट.
तो कशाला, हे कुणी बोलत नाही. मीही नाही.

ऑक्टोबरात तळावरून एक शिकाऊ पोरगा आला.
मिझोरमचा. लालरेमसांगा.
इंग्रजीत अकरा अक्षरं आणि पट्टी चार इंची.
म्हटलं, बाबा रे, आडनाव तरी गाळ.
हसला. आमच्यात आडनाव नसतं अंकल,
हे सगळं मिळून एकच नाव.
मग अक्षरं बारीक केली. रात्रभर डोळे चुरचुरले.
त्याचे उस्ताद चंगप्पासाहेब जुनं गिऱ्हाईक :
एका वेळी तीन पट्ट्या, पैसे आधी, घाई कधीच नाही.

जानेवारीतल्या त्या सकाळी मला काहीच ऐकू आलं नाही.
मशीन चालू होती.
चहावाला पोऱ्या सांगत आला,
भिंडच्या रस्त्याला, सरसोंच्या शेतात, शिकायचं विमान पडलं.
एक वाचला.
कोणता, ते त्याला माहीत नव्हतं.
मी ड्रॉवर उघडला, तीन तयार पट्ट्या बघितल्या,
आणि ड्रॉवर लावून टाकला.

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात होतं :
साहेबांनी गाव वाचवायला विमान वळवलं.
असेलही.

आठ दिवसांनी एक बाई आली, गेंदा बघेल, मेंढ्यांवाली,
काखेत चादरीचं गाठोडं.
मोड़ी के काजें फिराक सी देओ, म्हणाली,
आणि काउंटरवर नारिंगी-पांढरं कापड ओतलं,
पाण्यासारखं, हाताला न थांबणारं.
पोलीस घरोघर फिरून पत्र्याचा तुकडान् तुकडा गोळा करत होते,
हिने हे भुशाखाली दडवलेलं.

तीच सांगत होती. तो पोरगा सरसोंत बसलेला,
एक बूट पायात नाही,
आधी त्याच्या भाषेत काहीतरी बोलला,
मग हिंदीत विचारलं, किसी को लगी तो नहीं?
हिने लोटाभर ताक दिलं.
तो पीत असताना ही त्याच्या छातीकडे बघत होती.
वाचता येत नाही म्हणाली,
पण धागा आमच्या सरसोंसारखाच पिवळा होता.

आणि हे कापड त्याचं?
नाहीं भैया. दूसरे वाले को.

मी ते पसरलं.
तीस वर्षं कापड हाताळतोय, एवढं कळतं :
कापडावर घड्यांच्या रेघा अजून ताठ होत्या,
कुणीतरी पाटावर गुडघे टेकून, मापून घातलेल्या.
हवा आत शिरलीच नव्हती.
आपल्याकडे नवं कापड पहिल्यांदा अंगावर घातलं
की म्हणतात, घडी मोडली.
ही कुणी मोडलीच नव्हती.

बाई, हे मी शिवणार नाही.
ती रागावली नाही. मुलगी सहा वर्षांची आहे, एवढंच म्हणाली.
शेवटी ठाण्यात मीच नेऊन दिलं,
रस्त्यात सापडलं म्हणून.
हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, लिहून घेतलं.
मुलीसाठी गुलाबी पॉपलीनचा फ्रॉक शिवला. पैसे घेतले नाहीत.
तिला तो कमरेत सैल झाला, असं नंतर कळलं.

मार्चमध्ये लालरेमसांगा आला, कमरेला पट्टा, चाल सावकाश.
जुना सूट इस्पितळात कापावा लागला होता.
नवीन नाव हवं होतं.
मी टेप काढली, उगाचच. माप पाठ होतं.
तो उघड्या ड्रॉवरकडे बघत होता,
तिथल्या तीन पट्ट्यांकडे. मी त्या झाकल्या नाहीत.
त्यानेही विचारलं नाही.

सवयीने माझ्याच तोंडून निघालं :
रक्तगट तोच ना?

थोडा वेळ त्याने उत्तर दिलं नाही.
मग बाही वर करून हाताची शीर दाखवली,
म्हणाला, आता यात दुसऱ्यांचंही आहे, अंकल.
पण लिहा तेच.