लांबचा रस्ता

मंगळवारी दवाखाना, गुरुवारी बोलायला शिकवणारी बाई,
रोज सकाळी बालवाडी.
केमीतल्या या तिन्ही दारांशी
तैस्तोला मी सोडतो, माझ्या टॅक्सीतून.
चार वर्षांचा. बोलत नाही.

दवाखाना म्हणतो, झोप बघा.
बालवाडी म्हणते, चावतो.
तिसरीकडे फाईल पोचायचीय अजून.
हेन्ना, त्याची आई, प्रत्येक दारात
बूट काढता काढता
पहिल्यापासून सांगते, तेच.

मला कुणी विचारलं नव्हतं.
कागदगिरणीचं वळण आलं की हा
सीटचा पट्टा तोंडात धरतो
चिमणी मागे पडेपर्यंत.
तिथंच दुसऱ्या मजल्यावर त्यांचं आधीचं घर.

परवा नर्स बर्फात बाहेर आली, चपलांनिशी,
काच खाली करायला लावली:
"वाटेत कसा असतो हो?"

आज बालवाडीच्या बुटक्या खुर्च्यांवर
सगळे बसलेत, गुडघे हनुवटीशी.
मीटर बंद करून मीही.
हेन्ना एकदाच सांगतेय.
मग मी वळणाचं सांगितलं.
पेनं थांबली. बराच वेळ
फक्त हीटरचा आवाज.

परतताना बंदराकडून घेतली गाडी,
सहा किलोमीटर जास्त.
उतरवून घेताना पट्टा चाचपला.
कोरडा होता.